रेघेच्या अलीकडचा

४ ऑक्टोबर
पोचलो. डोंगरमाथ्यावर लाकडी मचाण, त्यावर पत्रा, खाली दोन खोल्या. एकीत मास्तर, एकीत मी. मास्तर म्हणजे इथल्या मोजणीचे मुख्य. थंडीआधी शिकारी पक्षी या माथ्यावरून दक्षिणेला जातात, ते मोजायचे. वर्षात मी तीन नोकऱ्या सोडल्या तेव्हा आई म्हणाली होती, याला आभाळाकडे बघत बसायचं काम द्या. तेच मिळालं! गेल्या वर्षी दादा इथे होता, त्याच्याच ओळखीने लागलो. तो सोडायला आलाय, आणि अर्थातच छत्री घेऊन. इथून परतल्यापासून अंगणात जायचं तरी छत्री. वहिनी म्हणते, नवरा आहे की रसवंतीची गाडी.

५ ऑक्टोबर
काम कळलं. समोर वठलेलं झाड आहे. तिथून मचाणापर्यंत मनात रेघ ओढायची. पक्ष्याने ती ओलांडली की मुठीतल्या यंत्राचा खटका दाबायचा. ससाणे एकोणीस, गरुड चार, घारी दीडशेवर. मान आखडली, पण सातवी नापासाच्या गळ्यात दुर्बीण! मास्तरांनी एक गोष्ट तीनदा बजावली: जो रेघ ओलांडत नाही, नुसत्या घिरट्या घालतो, त्याला मोजायचं नाही. दादा तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ.

६ ऑक्टोबर
मास्तर सामान आणायला खाली उतरले होते. सगळे पक्षी पुढे गेले, एक मागे राहिला. काळा, मोठा, तक्त्यातल्या कुठल्याच चित्राशी न जुळणारा. बरोब्बर दादाच्या छत्रीवर फिरत होता. दादा खालून म्हणाला, त्यालाही धर, एकाने काय होतंय, मास्तर जुन्या वळणाचे आहेत. मी खटका दाबला.
दादाने वर पाहिलं. छत्री मिटली. वर येऊन माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ठेव. लागेल." मला घट्ट मिठी मारली. मग भर उन्हात उघड्या डोक्याने उतरून गेला. मला वाटलं, बरा झाला एकदाचा.

८ ऑक्टोबर
काळा अजून आहे. मी पाण्याला गेलो की विहिरीवर, खोलीत आलो की छपरावर. रोज सकाळी यंत्र शून्यावर आणतो. बघतो तर १.

१० ऑक्टोबर
मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला छपराखाली ओढलं. म्हणाले, तुझ्या दादाने गेल्या वर्षी चुकून मोजला होता त्याला. जो मोजतो त्याच्या मागे तो लागतो, रोज थोडा खाली येतो. छपराने, छत्रीने उशीर होतो, एवढंच. दुसऱ्याने मोजला की पहिला सुटला, आणि जिथवर उतरलाय तिथूनच तो दुसऱ्यावर उतरत राहतो. मी म्हणालो, दादाला हे माहीत नसणार. मास्तर उठून छपराचे खिळे तपासायला लागले.

११ ऑक्टोबर
दादाला फोन केला. मागे पोरींचा दंगा ऐकू येत होता, अंगणात खेळत होता त्यांच्याशी. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "तू एकटा आहेस रे. मला दोन मुली आहेत."
लहानपणी यानेच मला खांद्यावर बसवून आभाळ दाखवलं होतं.

१३ ऑक्टोबर
छत्री फाटली. वरून. चार चिरा, शेजारी शेजारी.
मास्तर माझ्याकडे बघून बोलतात, वर बघत नाहीत.

१४ ऑक्टोबर
दादाचा फोन. म्हणे ताईच्या नवऱ्याला बोलावून घे, रिकामाच आहे, हातात यंत्र दे नि दाखव. किती सोपं करून सांगितलं. ताईचा नवरा. माझी ताई. — नाही. फोन विहिरीत टाकला.

१५ ऑक्टोबर
दुपार. आभाळात एकही पक्षी नाही. वहीवर मात्र सावली. पंखांची. हलत नाही —

१६ ऑक्टोबर
मचाणावर आहे. खोलीचं छप्पर गेलं. मास्तरांना खाली पाठवलं, उगाच त्यांची नजर जायची वर नि सवयीने मोजायचे. पत्र्यावर नखं. चालतंय. थांबलं. बरोब्बर माझ्या डोक्यावर —
दादा, तुझ्यावर रागावू की —
पत्रा वाकतोय.
पुढच्या वर्षी जो कोणी येईल त्याच्यासाठी. नीट वाच. कोणीही सांगितलं, सख्ख्या भावाने सांगितलं तरी, घिरट्या घालणाऱ्याला मोजू