चांगदेव भोईर यांची बैठ्या कामाची वैद्यकीय सवलत काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
खाडीकाठ मासळी शीतगृह सहकारी संस्था मर्यादित,
तुर्भे, नवी मुंबई.

विषय : अर्जदारास मधुमेहाच्या कारणावरून दिलेली सवलत रद्द करून सदर जागा श्री. ज्ञानू शेडगे यांना देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे एप्रिल २०२४ व एप्रिल २०२५ चे नूतनीकरण अर्ज (दोन्ही खोटे).
२) श्री. शेडगे यांचा जून २०२५ चा नामंजूर झालेला अर्ज.

महोदय,

१. अर्जदार चांगदेव बामा भोईर, राहणार करावे गाव, नेरूळ, हा आपल्या संस्थेत एकोणीस वर्षे कामास आहे. वजन एकशे बत्तीस किलो आणि साखर ताब्यात नाही, या कारणास्तव २०१९ साली आपण त्यास उणे अठरा अंशांच्या खोलीतून काढून गेटपासच्या टेबलावर बसविले. त्या वेळी तो खरोखर आजारी होता, एवढे कृपया नोंदीत असावे.

२. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जदाराने हर्नियाचे कारण सांगून रजा घेतली. प्रत्यक्षात त्याने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी आधीच समजावले होते की, पोट लहान केल्याने आणि अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे गेल्याने शरीरातले स्राव बदलतात, आणि पुष्कळ रुग्णांची साखर वजन उतरण्याच्या आधीच खाली येऊ लागते. अर्जदाराचा विश्वास बसला नव्हता. परंतु वजन जेमतेम सात किलो उतरले असतानाच त्याचे इन्सुलिन बंद झाले. पुढे गोळ्याही गेल्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा नऊ पूर्णांक आठवरून पाच पूर्णांक सातवर आला. "कायमचा बरा झालो असं समजू नका, मधुमेह परत येऊ शकतो. तपासण्या सोडायच्या नाहीत," असे डॉक्टरांनी बजावले. अर्जदाराने त्यातले फक्त 'परत येऊ शकतो' एवढे मनात धरले आणि ते शब्द खुर्ची न सोडण्यास पुरेसे मानले.

३. एप्रिलमध्ये सवलतीच्या नूतनीकरणासाठी त्याने शस्त्रक्रियेआधीचा जुनाच वैद्यकीय दाखला जोडला. पुढच्या एप्रिलमध्येही तोच जोडला. वजन एक्केचाळीस किलोंनी उतरले तेव्हा सर्वांनी आजार वाढला असे धरले. "साखरेनं मानूस पार खाल्ला," असे लोडिंगवाले म्हणत, आणि अर्जदार मान खाली घालून ऐकून घेई. आपण स्वतः येऊन त्याच्या टेबलाजवळ पंखा बसवून दिलात. त्या दिवसापासून तो रोज एक वाजता इन्सुलिनचे रिकामे पेन घेऊन स्वच्छतागृहात जाऊ लागला. तिथे तीन-चार मिनिटे नुसता उभा राहून तो परत येत असे. हे त्याने सुमारे सव्वा वर्ष केले.

४. श्री. ज्ञानू शेडगे हे मूळचे साताऱ्याकडचे, अर्जदाराचे जुने जोडीदार. क्रेट मोजायच्या काट्यावर दोघे पाळीपाळीने उभे राहून कोण जास्त भरतो ते पाहत आणि हसत. त्यांनाही मधुमेह आहे, अर्जदारापेक्षा जुना. पायाला मुंग्या येतात म्हणून त्यांनी जूनमध्ये बैठ्या कामासाठी अर्ज केला. बैठी जागा एकच आहे व ती भरलेली आहे, असे त्यांना कळविण्यात आले. त्या दुपारी ते अर्जदाराजवळ येऊन म्हणाले, "चांगदेवदादा, तुमची साखर काय म्हणतीया? जरा बरं वाटत असंल तर सायबांशी बोलू का?"

अर्जदार म्हणाला, "हाय तशीच. सुई चालूच हाय."

श्री. शेडगे म्हणाले, "मग र्‍हाऊ द्या. तुमाला गरज हाय."

५. सप्टेंबरमध्ये त्यांच्या गमबुटात बर्फाचा टोकदार तुकडा गेला. पाय बधिर असल्याने त्यांना काही कळले नाही. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. अर्जदार रुग्णालयात भेटायला गेला असता ते खाटेवरून म्हणाले, "तुमी पायाला जपा बरं."

६. अर्जदाराने घरी येऊन पत्नी कमळी हिला सर्व सांगितले. शस्त्रक्रिया तिला ठाऊक होती, दाखल्याचे ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "मना कशाला सांगता? ज्याचा पाय गेला त्याला जाऊन सांगा." दोन दिवस तिने त्याच्याशी बोलणे टाकले.

७. तिसऱ्या दिवशी, श्री. शेडगे यांना रुग्णालयातून सोडल्यावर, अर्जदार त्यांच्या कळंबोलीच्या घरी गेला. त्यांच्या पत्नी सत्यभामा यांनी नेहमीप्रमाणे त्याच्यासाठीही बिनसाखरेचा चहा केला. कप समोर आल्यावर अर्जदाराने सगळे सांगून टाकले. सत्यभामा यांनी कप उचलून आत नेला व त्या परत बाहेर आल्या नाहीत. अर्जदाराची अपेक्षा होती की श्री. शेडगे खुर्चीबद्दल बोलतील. पण त्यांनी विचारले, "म्हंजे, साखर अशी जाती व्हय?" आणि पुढे, "माझं वजन तुमच्यायेवढंच हुतं की. मला का न्हाई सांगितलं?"

खुर्ची टिकविण्यासाठी अर्जदाराने उपचारच लपविला, हे त्याच्या ध्यानात त्या क्षणापर्यंत आले नव्हते.

८. गेल्या आठवड्यात अर्जदार श्री. शेडगे यांना डॉक्टर प्रियदर्शिनी यांच्याकडे घेऊन गेला. आधी जखम भरली पाहिजे, मग शस्त्रक्रियेचा विचार करू, असे डॉक्टरांनी सांगितले. श्री. शेडगे यांची साखर सोळा वर्षे जुनी असल्याने औषधे पूर्ण सुटतीलच असे नाही, तरी ती कमी होण्याची आशा आहे. दोन वर्षांपूर्वी आणले असते तर, असे अर्जदाराने नंतर एकट्याने परत आत जाऊन विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "फरक पडला असता, कदाचित. ते आता मी नक्की सांगू शकत नाही."

९. सबब विनंती की, अर्जदाराची सवलत आजपासून रद्द करावी, त्यास कोणत्याही खोलीत कामास पाठवावे, दोन खोट्या अर्जांबद्दल नियमाप्रमाणे जी होईल ती कारवाई करावी, आणि गेटपासचे टेबल श्री. शेडगे कामावर येतील तोपर्यंत रिकामे ठेवावे. तसेच ज्या कामगारांना वजन व मधुमेह दोन्ही आहेत, त्यांना जमवून अर्जदारास आपली हकीकत सांगू द्यावी.

१०. या अर्जाचा कच्चा मसुदा श्री. शेडगे यांना वाचून दाखविला. त्यात एक परिच्छेद त्यांनी माफ केल्याबद्दल होता. तिथे त्यांनी थांबविले व म्हणाले, "खुर्ची द्या, घेतो. डाक्टरकडं न्या, येतो. पर माफीचं लिवू नका. ती मी अजून दिल्याली न्हाई." त्यांच्या सूचनेनुसार तो परिच्छेद काढून टाकला आहे.

आपण द्याल तो निर्णय मान्य असलेला,
चांगदेव बामा भोईर
गेटपास विभाग
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : शस्त्रक्रियेचे कागद; त्यापूर्वीचे व नंतरचे साखरेचे अहवाल; दोनदा वापरलेला जुना दाखला (मूळ प्रत).