स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि शंभर शांत दिवस

९ ऑगस्ट २०१७, बुधवार. दिवस १.

आजपासून डायरी. फक्त माझ्यासाठी. परवा नारळी पौर्णिमेला बंदरावर जे झालं त्याचं लोकांनी उगाच मोठं केलंय, म्हणून एकदा खरं काय ते लिहून ठेवतो. जयश्रीचा धाकटा भाऊ दिपेश झाईहून त्याच्या नव्या माउंटन बाइकवर आला. अ‍ॅल्युमिनियमची. सगळ्यांसमोर म्हणाला, भावोजी, उचलून बघा, एका हाताने उचलते. उचलली. खरंच उचलते. मग हसून म्हणाला, लोखंडाचे दिवस संपले आता, तुमच्या गॅरेजमधल्या इंजिनांसारखे. माझा दुसरा हात मोकळा होता. त्याचा पुढचा दात अर्धा गेला. आधीपासून हलत असणार.

काल सकाळी जयश्री हिनाला घेऊन झाईला माहेरी गेली. आईजवळ निरोप ठेवलाय. शंभर दिवस कोणाला मारायचं नाही, मग घ्यायला या. नाही जमलं तर हिनाचं नाव झाईच्या शाळेत घालणार. हिना दुसरीत आहे.

शंभरावा दिवस १६ नोव्हेंबरला येतो. मी मुळात शांत माणूस, शंभर काय, हजार सांगायचे होते.

१४ ऑगस्ट, सोमवार. दिवस ६.

डॉक्टरकडे गेलो. बीपी जास्त. पट्टा दंडाला इतका आवळला की मी झटका दिला आणि मशीन भिंतीवर गेलं. मशीन म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे हे धरत नाही. डॉक्टर टेबलापलीकडे उभे राहूनच म्हणाले, रोज चालत जा, घाम काढा, डोकं थंड होईल.

चालणं म्हाताऱ्यांचं. मी माउंटन बाइक घेणार. हार्डटेल. म्हणजे पुढच्या चाकाला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, मागे काही नाही, मागचा प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्याला कळतो. माझ्यासारख्याला तीच शोभेल. प्रश्न एकच, फ्रेम स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची. थंड डोक्याने ठरवायचं आहे.

२७ ऑगस्ट, रविवार. दिवस १९.

वापीला सायकलच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, भाई, एलॉय लई जाओ, दरियाकिनारे लोखंड ना चाले. एलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच. वीस वर्षं बोटींची इंजिनं खोलतोय मी. धातू मला शिकवू नये. आम्ही धातू कानाने ओळखतो. खिशातला पाना काढला आणि दोन्ही फ्रेमवर एकेक ठोका दिला. स्टील वाजलं टण्ण, देवळातल्या घंटेसारखं. अ‍ॅल्युमिनियम वाजलं ठप्प, आणि पोचा पडला.

निकाल तिथेच लागला होता, पण त्यांच्या माणसाने माझी कॉलर धरली. मी त्याला फक्त बाजूला केलं. तो नव्या टायरांच्या ढिगात डोक्यावर गेला आणि वरचे टायर एकेक करून त्याच्या अंगावर आले. ढकलणं वेगळं, मारणं वेगळं. मला सोडायला बाहेर चौघे आले. डावी बरगडी श्वास घेताना दुखते.

१० सप्टेंबर, रविवार. दिवस ३३.

आशागडला चंदरच्या वेल्डिंगच्या दुकानात बसलो होतो. चंदर लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, स्टील तुटलं तर मी आहे, दहा मिनिटांत जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियम तडकलं तर या भागात कोण जोडणार? भंगार. ऐकून बरं वाटलं. चहा मागवला.

चहा पिता पिता म्हणाला, पण तू बंदराला राहतोस ना रूपेश, तुझ्या खिडकीचे गज बघ, चार वर्षांत चाळण झाले. तुला अ‍ॅल्युमिनियमच बरं. म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी शांतपणे सांगितलं, शब्द मागे घे. घेतला नाही. त्यानंतर दोघांच्या मधे एक अर्धवट झालेलं गेट आडवं पडलं, चहा भिंतीवर गेला आणि चंदरने गज उचलला. मी त्याच्या दंडाला चावलो. चावणं मारण्यात धरतात का, असं घरी येऊन आईला विचारलं. आई मला जेवण वाढून आत गेली.

समोर रिक्षात दोन मासेवाल्या बसल्या होत्या, रिकाम्या पाट्या मांडीवर घेऊन. झाईच्या वाटल्या.

२४ सप्टेंबर, रविवार. दिवस ४७. सकाळ.

काल सायकल आणली. स्टील! वापीतल्याच दुसऱ्या दुकानातून. पहिल्यात माझा फोटो लावलाय म्हणे. काळी, लाल पट्ट्याची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. वजन सतरा किलो. दिपेशची तेरा. वजनदार माणसाला वजनदार सायकल.

संकल्प. एक, राग आला की पॅडल मारायचं, बाकी काही मारायचं नाही. दोन, रोज वीस किलोमीटर. तीन, १६ नोव्हेंबरला सायकलवरूनच झाईला जायचं आणि हिनाला पुढच्या दांड्यावर बसवून आणायचं. जयश्रीने मागून रिक्षाने यावं.

तोच दिवस, संध्याकाळ.

सायवनला जाऊन आलो. आशागडला चंदरने मला बघून शटर खाली ओढलं. चढावर उतरून ढकलत होतो, तेव्हा एका जीपमधून कोणीतरी ओरडलं, काका, बसताय का, टपावर घेऊ सायकल. मी दगड मारला. लागला नाही. न लागलेला धरत नाही.

हिनाशी फोनवर बोललो. पहिलाच प्रश्न, पप्पा, आज कोणाला मारलं? मुलांशी खोटं बोलू नये म्हणून मी तिला सायकलचा रंग सांगितला.

८ ऑक्टोबर, रविवार. दिवस ६१.

गंज. चेनजवळ, हँडलखाली, फ्रेमच्या प्रत्येक जोडावर. पंधरा दिवसांत! आईने अंगणात बोंबील वाळत घातलेत आणि सायकल नेमकी त्यांच्याखाली, सगळं खारं पाणी वरून ठिबकलं. दिपेश बरोबर होता असं एक क्षण मनात आलं. त्या क्षणी मी सायकलला लाथ घातली. हलली नाही. स्टील ते स्टील. अ‍ॅल्युमिनियम असतं तर वाकलं असतं, म्हणजे माझी निवड बरोबरच. मग बोंबलांच्या दोन काठ्या मोडल्या, त्यांनी काही केलेलं नसताना. उजव्या पायाचा अंगठा बटाट्याएवढा झालाय.

आई मातीतले बोंबील वेचत होती. वेचू लागलो तर म्हणाली, राहू दे, तू हात लावू नको.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. दिवस ६५.

उपाय घरातच होता. माळ्यावर बाबांच्या वेळचा डबा सापडला, मुशीचं, म्हणजे शार्कचं तेल. लाकडी होड्यांना दरवर्षी हेच चोपडायचे. बाबांची होडी चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहिली, कुजली नाही. सगळ्या सायकलला दोन हात दिले. फ्रेम, चेन, तारा. ब्रेकच्या त्या पातळ चकत्यांना दोन्ही बाजूंनी तीन हात, कारण गंज पातळ लोखंडाला आधी धरतो.

आई म्हणाली, रूप्या, हे होडीचं तेल. होडीला ब्रेक असतो का रे? मी म्हटलं, नसतो, म्हणून तर ब्रेकला जास्त लावतोय. तिला मशिनरीतलं कळत नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार. दिवस ७३.

पाडवा. पाटावर एकटा बसलो. जयश्री ओवाळायची, या वर्षी आईने ओवाळलं आणि डोळे पुसत आत गेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

बाहेर सायकलभोवती गल्लीतली सात मांजरं बसली होती, आठवं सीटवर. शेजारचा सुक्या म्हणाला, रूपेश, सायकल आणलीस की सुकट? मी चकल्यांचा डबा मांजराला फेकला. सुक्याच्या भुवईला लागला. नेम चुकणं हा गुन्हा नाही. त्याला दोन टाके पडले, त्याच्या बायकोने जाता जाता आमचा आकाशकंदील फाडला. सणासुदीला लोकांना भान नसतं.

२९ ऑक्टोबर, रविवार. दिवस ८२.

सायवनच्या उतारावर पाच कुत्री मागे लागली. तेलाच्या वासाने. मी वेग वाढवला, मग ब्रेक दाबले. ब्रेक दाबले गेले, सायकल थांबली नाही. एका शेतकऱ्याचं कुडाचं कुंपण तोडून थेट त्याच्या कापून रचलेल्या भातात. शेतकऱ्याचं नाव लहान्या. नावाप्रमाणे अजिबात नाही. आधी काठी घातली, मग कोण म्हणून विचारलं. मी हेल्मेटने उत्तर दिलं. हेल्मेट संरक्षणासाठीच असतं. नंतर त्याच्या बायकोने दोघांनाही पाणी आणून दिलं आणि भाताकडे बघत उभी राहिली.

लहान्याने ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं, हुंगलं, आणि म्हणाला, याला तेल कोनी लावला? मंग थांबल कशी ती? मी त्याच्याशी वाद घातला नाही. वीस वर्षं गिऱ्हाइकांना एकच सांगत आलोय, तेलाने कधी काही बिघडत नाही, बिघडतं ते तेल नसल्याने.

पाठीवर काठीचे चार वळ आहेत. मागचं सस्पेन्शन घ्यायला हवं होतं की काय.

१५ नोव्हेंबर, बुधवार. दिवस ९९.

उद्या! दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. सायकलला ताज्या तेलाचा एक हात. हिनाला टोचू नये म्हणून दांड्याला जुना टॉवेल गुंडाळून घट्ट बांधला.

सगळं परत वाचून काढलं. शंभर दिवसांत एकदाही कोणाला मारलेलं नाही. एक झटका, एक धक्का, एक चावा, एक नेम आणि एकदा संरक्षण. जयश्रीला हे नीट समजावून सांगेन. दिपेशने माफी मागितली तर मोठ्या मनाने माफ करायचं. अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी सात. दिवस १००.

एसटीने परत आलो. घडलं तसं लिहितो.

नरपड, घोलवड, बोर्डी, कुठेही थांबलो नाही. थांबता येतच नव्हतं, पण सपाट रस्त्याला ते जाणवत नाही. झाईला रस्त्यावरून सासऱ्यांच्या अंगणात उतरायला छोटा उतार आहे. अंगणात दिपेश त्याची सायकल धूत होता. जयश्री आणि सासूबाई बोंबील टांगत होत्या. हिना पायरीवर बसून काहीतरी लिहीत होती. मला बघून ती उठली आणि पप्पा म्हणून ओरडली. शंभर दिवस याच हाकेसाठी काढले होते. मी दोन्ही ब्रेक दाबले.

आधी बोंबलांचा मांडव, मग पाण्याचा पिंप, मग दिपेश. तिघेही आडवे. माझ्या पुढच्या चाकाचा फोर्क वाकला. त्याच्या सायकलला ओरखडासुद्धा नाही. दिपेशच्या ओठातून रक्त येत होतं. तो बसला, जिभेने दात चाचपले, उरलेला अर्धा जागेवर आहे बघून हसायला लागला. शिवी नाही, काही नाही. उठून उभा राहिला आणि मला उठवायला हात पुढे केला. म्हणाला, भावोजी, उठा.

मी त्याचा हात धरायला माझा वर केला.

हिना धावत आली आणि आमच्या मधे उभी राहिली. मामाकडे पाठ, माझ्याकडे तोंड, दोन्ही हात पसरलेले. डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यात ओढलेली. माझा हात खाली येईपर्यंत तशीच उभी राहिली. सात वर्षांची आहे ती.

दिपेश हसायचा थांबला. जयश्रीने तिला उचलून घेतलं. मला बसायला पाट दिला, चहा दिला. तिला सगळं माहीत होतं. वापीचं, चंदरचं, सुक्याचे टाके, लहान्याचा भात. मासे विकणाऱ्या बायकांकडून तिला माझी रोजची खबर होती. मी झटका आणि धक्का यातला फरक सांगायला सुरुवात केली. ती मांडवाच्या काठ्या उभ्या करत राहिली. पायरीवर हिनाची वही पडली होती, तिच्यावर झाईच्या शाळेचं नाव होतं. नाव कधी घातलं, मी विचारलं. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी, जयश्री म्हणाली. सायकल इथेच ठेवा, ब्रेक धुवायला लागतील, दिपेश धुईल, तुम्ही पाचच्या एसटीने जा.

दिपेश स्टॉपपर्यंत सोडायला आला. म्हणाला, भावोजी, फ्रेम चांगली आहे तुमची, गंज वरवरचा आहे. मला त्याला मारावंसं वाटलं नाही. एसटीत शेजारची बाई वासाने उठून मागे जाऊन बसली.

या वहीत प्रत्येक गोष्टीचं कारण लिहिलेलं आहे. मशीन का फुटलं, चंदरला का चावलो, हेल्मेट का उगारलं. आता हिनाने डोळे का मिटले त्याचं कारण लिहायला बसलोय. अजून काही सुचलेलं नाही. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.