लेम्पीची सही

१९ जून १९७६
एर्कीशी पुन्हा वाजलं. धाकट्या बहिणीचा, लेम्पीचा नवरा, म्हणून किती ऐकून घ्यायचं!
लेम्पीला नववं मूल होणार, म्हणून मी मुक्कामाला आलेय. डॉक्टर म्हणतात, दहावं झालं तर ती वाचणार नाही, या बाळंतपणातच मूल बंद होण्याचं ऑपरेशन करून टाका. पण प्रवचनकार आर्मास सांगतात, मुलं देव देतो, माणसानं दार लावायचं नाही. झालं!
मी विचारलं, हे खरं कशावरून? एर्की कॉफीत साखरेचा खडा बुडवत म्हणाला, "ताई, त्यांच्या एका प्रवचनानं अख्ख्या गावाची दारू सुटली. तुमच्या वडिलांचीसुद्धा. बायबलचं पवित्र पुस्तक खोटं असतं तर असं झालं असतं?"
"कागद गिरणीतल्या लाल बावट्यावाल्यांनीही शंभर जणांची दारू सोडवली. त्यांची पत्रकंही देवानंच लिहिली का?"
तो उठून सौना, वाफेची न्हाणी, तापवायला गेला.

२० जून
वडिलांची दारू सुटली हे मात्र खरं. त्याचाच जास्त राग येतो.

४ जुलै
पंथाच्या उन्हाळी मेळाव्यात जाऊन आर्मासांना गाठलं. तंबूत हजारो माणसं, रडत एकमेकांच्या गळ्यात पडून क्षमा मागणारी. म्हातारा प्रेमानं बोलला. "निर्णय लेम्पीचा आहे, मुली," म्हणाला, आणि वर, "देवासमोरचा." ढोंगी असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी दिल्या असत्या!
संध्याकाळी लेम्पीनं हळूच सांगितलं, ऑपरेशनच्या संमतीवर सही करीन. फक्त पापाची भीती वाटते.

१८ ऑगस्ट
पहाटे रक्तस्राव. एर्की लाकूडतोडीवर, दूर. इस्पितळात मी एकटीच. संमतीचा कागद उशाशी, अजून कोरा.
लेम्पी पांढरीफटक पडलेली. माझा हात धरून म्हणाली, "ताई, क्षमा सांग."
आमच्या पंथात पापांची क्षमा कोणीही श्रद्धाळू दुसऱ्याला सांगू शकतो. मी श्रद्धा सोडून हेलसिंकीला गेले त्याला अकरा वर्षं झाली, पंथात पाप मानलेला टीव्हीसुद्धा घरात आहे माझ्या! हे तिला ठाऊक. तरी मलाच मागितली.
मी तिच्या गळ्यात हात टाकले. "येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझी सगळी पापं माफ झाली. विश्वास ठेव." एकही शब्द अडखळला नाही. तिचा श्वास संथ झाला. मला वाटलं, आता निर्धास्तपणे सही करील.
मुलगी झाली. दोघी सुखरूप.

१९ ऑगस्ट
एर्की आला, लेम्पीकडून क्षमेचं सगळं ऐकून डोळे पुसत म्हणाला, "बघा ताई, पुस्तक खरं आहे की नाही?" नर्सनं बाहेर काढेपर्यंत मी भांडत होते. शब्दांनी धीर आला, एवढंच सिद्ध होतं! एवढंच!

२० ऑगस्ट
कागद कोराच परत गेला. ऑपरेशन झालंच नाही. लेम्पी हसून म्हणाली, "तू क्षमा सांगितलीस ना ताई, तेव्हा मरणाची भीतीच गेली. मग सही कशाला?"