बोदलकसाले समुद्र नाही

गोंदिया,
मंगळवार, २० जानेवारी २००४

दीप्ती,

तुले अन् घरच्या सगळ्यायले माहा जयभीम. आमी इकडं ठीक हावो, तुमीबी ठीक असान. धान चुरून झालं असन. बाबाच्या गुडघ्याले आराम पडला का नाही ते तू लिवलंच नाही.

झालं, चांगलं चांगलं लिवून झालं. आता ऐक. तू विचारलं का ते निळ्या पान्याचं कार्ड जावयानं कुठून आनलं, अन् ते ठिकान बोदलकसाचा तलावच होये का, बाबा रोज विचारून राहिले. त ते कार्ड दादानं पाठवलंच नाही. मी पाठवलं. दादाले काही मालूम नोयतं. मी असं कराले नोयतं पाह्यजे, पन केलं. आता एका कोपऱ्यात बस अन् बाकीचं मनातल्या मनात वाच.

तू पत्र रद्दीच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलं ते लय बरं केलं. घरी आलं असतं त वहिनीनंच फोडलं असतं. ईश्वरदास सेठनं मातर पाकीट उलटंसुलटं करून पाह्यलं. मने, लडकी की लिखाई है रे शेखर, क्या चक्कर है. मनलं, सेठ, वहिनीची बहीन होये, बारावीचे पुस्तकं मागून राहिली. त तुले आता रद्दीतले दोन पुस्तकं येतीन. कामाचे नसले तरी ठेवून घे, नाही त सेठ मले सुखानं बसू देनार नाही.

कार्डाचं सांगतो. रेल्वेच्या क्वार्टरातून आमच्या दुकानात एक पत्र्याची पेटी आली होती. कोनी म्हातारा डायवर साहेब वारला, त्याची बहीन विलायतेत राहे. ती त्याले कार्डं धाडे. काही लिवलेले, काही कोरे. सगळे एकाच जागेचे, समुद्राच्या काठचे. पयल्या कार्डावर लोकं आडव्या खुर्च्यांवर उताने पडले होते अन् सगळ्यायच्या डोळ्याले काळे चश्मे. मांगं 'हॉलिडे कॅम्प' लिवलं होतं. मले वाटलं आपल्या इथं मोतीबिंदूचा कॅम्प लागते तसाच कॅम्प होये, ऑपरेशन झालं अन् पेशंट उन्हात टाकले. सेठ मने, बेवकूफ, गोरे लोग छुट्टी मनाने जाते थे वहाँ. मंग मी नीट पाह्यलं. एकाच रांगेत खोल्याच खोल्या, हर खोलीले आपलं आपलं रंगीत दार, म्होरं फुलं. आंघोळीचं टाकं दादाच्या मिलच्या गोडावनाएवढं, अन् पानी असं निळं का त्यात कपड्याची नीळ टाकली असन. एका कार्डावर पंगत. पन खुर्च्यांवर, अन् वाढनाऱ्या बायायलेच हसू येऊन राहिलं. कोनाच्या घरी चूल नाही, कोनी भांडे घासत नाही. मले समजलंच नाही का हे लोकं छुट्टी कशाची घेत, कामं त दिसतच नाहीत.

मी तीन कोरे कार्डं शर्टात घातले. एक उदाराम चहावाल्याले देल्लं, सांगतलं का आपल्या स्टँडाच्या मांगं हे बनून राहिलं, साहेब लोकं नापून गेले. तो बिचारा अजून गिऱ्हाइकायले दाखवते. एक सायकलच्या पंपात वायसराच्या जागी कोंबून खराब झालं. तिसरं वहिनीले.

वहिनी तुमच्याकडं कायले आली होती ते तुले मालूमच हाये. आमच्या घरी खोल्या दोन, अन् मधात दार नाही, लुगड्याचा पडदा. आईले राती दहादा उठाची सवय. वहिनी दादाले मने का एक दार बसवा. दादा मने का आपल्याच आईच्या तोंडावर दार लावू का. तिथून जे वाढलं ते तिची बॅग उचलन्यापर्यंत. मंग ती तुमच्या सौंदडले बसून मने का न्यायले येतीन त येईन, अन् हा इथं बसून मने का आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईन. आई मधून फोडनी देई, का सौंदडच्या पान्यातच ताठा हाये. सौंदड काय, गाडीत बसलं का आलंच. पन एकालेबी गाडी सापडत नोयती.

त मी कार्ड टाकलं. त्या दिवशी दादा मिलमधल्या कोनाच्या तरी पोराच्या नाव ठेवन्याच्या जेवनातून मोहाची पिऊन आला होता अन् मले मने कागद घेऊन बस. ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी कार्डावर लिवलं: "असं एक ठिकान हाये. तिथं सगळ्यायले आपापलं दार. घंटी वाजली का जेवाले जाचं. तू आली त जाऊ." बस, एवढंच. जिथं इंग्रजी छापलं होतं तिथं तिकीट चिकटवलं. खाली लिवनाऱ्याचं नाव टाकलं नाही. मनलं, नाव नाही टाकलं त खोटंबी होत नाही.

वहिनीले माहं अक्षर मालूम. दादा चौथी शिकला, त्याचं सगळं मीच लिवतो, अर्जापासून राखीच्या पाकिटापर्यंत. तिले वाटलं त्यानं सांगतलं अन् यानं लिवलं. म्हनून ती एकटी गाडीनं आली. तुमीच तिले चिवडा बांधून देल्ला ना, रस्त्यात खाले? तो चिवडा तिनं डब्यात जसाच्या तसा ठेवला, का तिकडं जाऊ तवा खाऊ. मी त्यातला अर्धा खाल्ला, ते मी मंग कबूल करीन.

दादानं तिले दारात पाह्यलं अन् मान खाली घातली. तिच्या हातची बॅग घेतली. आई मनाले गेली का आपल्या पायानं आली ना, त दादा आईवरच खेकसला. मी त चाटच पडलो. त्यानंतर घरात असं गोड सुरू झालं का मलेच भेव वाटे. तो तिले बसाले पाट देई. ती त्याले विचारे, मिलमधी छुट्टी भेटते का. आता तिले जाचं होतं म्हनून विचारे, अन् याले वाटे का माह्यासंगं घरी राहाव वाटते हिले. त यानं खरंच दोन दिवसाची छुट्टी टाकली, अन् खाटेवर पाय लांबवून बसला. छुट्टी टाकली म्हनून तिनं बॅग भरली. बॅग भरलेली पाहून याचं तोंड उतरलं. समजून राहिलं ना तुले? मी मधात बसून दोघायलेबी पाहून राहिलो होतो, अन् कोनाले काय सांगू ते सुचून राहिलं नाही.

शनिवारी दुपारी मी जेवत होतो. पोपटाच्या शेंगायच्या दान्याची भाजी होती. वहिनी पान्याले गेली, अन् दादानं तिची बॅग उघडली. वर नवं लुगडं, चिवड्याचा डबा, अन् डब्याखाली कार्ड. त्यानं खिडकीजवळ नेऊन एकेक अक्षर लावून वाचलं, पन हात कोनाचा ते त्याले ओळखता येत नाही. 'तू आली त जाऊ.' गोंदियाचा शिक्का, नाव नाही, अन् दारंच दारं. दीप्ती, मी ते लिवलं तवा मले अजिबात वाटलं नोयतं का ते असं वाचता येते.

वहिनी घागर घेऊन आली तवा बॅग दाराबाहेर होती.

"हे कोनाचं होये?" दादा हळू बोलला. जोरात बोलला असता त मले एवढं भेव नसतं वाटलं.

वहिनीले वाटलं का हा आता न्याचं टाळून राहिला अन् वरतून आपल्यालेच खोटं पाडून राहिला. तिनं घागर खाली ठेवली. "मले काय विचारता," ती मनली. "लिवनाऱ्याले विचारा. तो काय बसला, भात खाऊन राहिला."

दोघंबी माह्याकडं पाहाले लागले. आईबी पडदा सारून पाहाले लागली. आता तूच सांग. मी लिवलं मनलं असतं त दादाच्या मनातला संशय गेला असता, पन वहिनीले कळलं असतं का आपल्याले कोनी बोलावलंच नाही, मी येडी होऊन आली. मंग ती एक घडी थांबली नसती. अन् नाही सांगतलं त बॅग बाहेरच होती. मी घास गिळला.

"दादा, तूच त लिवाले लावलं ना गा. त्या दिवशी मोहाची पिऊन आला तवा. कागद घेऊन बस मनला, आठवत नाही का?"

"मी?"

"तूच."

आई मने, पेला का असाच करते हा, याच्या बापासारखा. वहिनी बॅग उचलून आत घेऊन गेली, अन् पडद्यामागून तिच्या बांगड्याचा आवाज येत राह्यला, कपडे घडी कराचा. मले वाटलं सुटलो.

सुटलो नोयतो. संध्याकाळी आई अन् वहिनी बोरिंगवर होत्या, तवा दादानं मले आत बोलावलं. मने, शेखर, मले वेगळंच आठवते. मनलं काय आठवते. तो खाली पाहून मने, "मले आठवते का मी तिले सोडचिठ्ठी धाडली. तरी आली. म्हनून मी तिच्याकडं पाहू शकत नोयतो."

आता ते, जे मी मघा जाऊ दे मनलं. दीप्ती, तो बरोबर आठवत होता. त्या दिवशी त्यानं मले तेच लिवाले लावलं. माहं तुहं काही राह्यलं नाही, सामान न्यायले बाप धाड. खाली स्वतः सही केली. सकाळी उतरली होती, तरी मले विचारलं, पोस्टात टाकशीन ना. मी हो मनलं. पोस्टाच्या डब्यापाशी गेलो. एका हातात ते पाकीट, शर्टात कार्ड. मंग पाकीट फाडून रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं, तो गठ्ठा आता कागदाच्या कारखान्यात गेलाबी. अन् कार्ड लिवून डब्यात टाकलं. कायले, ते मले विचारू नोको. वहिनी गेल्यापासून घरात मले कोनी शिव्याच देत नोयतं, म्हनून असन. नाही त मस्ती असन. मले खरंच नाही मालूम.

त्यानंतर तो मिलमधून आला का हात-पाय धुवायच्या आंधी विचारे, सौंदडचं काही आलं का. त्याले जबाब पाह्यजे होता का त्याचं भेव होतं, ते मले कळलं नाही, अजूनबी कळलं नाही.

मी मनलं, नाही दादा, तू कार्डच लिवाले लावलं, सोडचिठ्ठीचं नुसतं आईले बोलला. तो मने, बाबासाहेबाच्या फोटोकडं पाहून सांग. मी फोटोच्या खालच्या कॅलेंडरकडं पाह्यलं अन् सांगतलं.

त्यानं मंग भिताडाले टेकून विचारलं, "अजून काय मनलो मी?"

आता मी काय सांगू? तोंडात आलं ते सांगतलं. मनलं, तू मनला का घरी आलो अन् दाराशी तिच्या चपला नाही दिसल्या त आत पाय टाकाव नाही वाटत.

त्यानं विचार केला. "हो," मने. "मनलो असन." अन् थोड्या वेळानं, "मी असा बोलतो का गा?"

"पेल्यावर बोलते."

तो हसला. अन् उठून चपला पाहाले गेला, दाराशी.

दुसऱ्या दिवशी वहिनी मले चुलीपाशी बसवून भाकर देत होती. मने, शेखर, अक्षर तुहं होतं, पन बोलनं त्यायचंच होतं, मी पयल्या ओळीलेच ओळखलं. मी भाकरीचे तुकडे करत बसलो. त्यायचं बोलनं त मी फाडून टाकलं होतं. मंग हे कोनाचं? मले वाटते आता मलेच समजत नाही का मी काय लिवलं अन् त्यानं काय सांगतलं. दादा त सगळ्यायले सांगून राहिला का कार्ड मीच धाडलं. मिलमधीबी सांगतलं. लोकं त्याले हसतात अन् त्याले बरं वाटते.

अन् आता खरी भानगड. दादा मने, बोललो असन त नेलं पाह्यजे. सव्वीस जानेवारीले मिल बंद राहते, तवा जाचं. मले विचारलं ते ठिकान कुठं हाये. मी तोंड उघडाच्या आंधी वहिनीच मनली, बोदलकसा होये ना, तेवढं पानी अजून कुठं हाये. मी मान हालवली. बोदलकसाले पानी हाये, मासे हायेत, समुद्र नाही. अन् रंगीत दाराच्या खोल्या त मी काही तिथं पाह्यल्या नाहीत. मी एवढंच मनलं का खोल्या अजून बनून राहिल्या असतीन. वहिनी मने, मंग पानी पाहून येऊ. तिनं एवढ्या सहज मनलं का मी अजून त्याचाच विचार करून राहिलो.

म्हनून तू बाबाले सांग का हो, बोदलकसाच होये, अन् जावयानंच कार्ड धाडलं. बाबा पक्का मानूस होये, तो अजून विचारीन. तू मन मले मालूम नाही. तुह्या सवयीनं पुढं एक शब्द जोडू नोको.

हे पत्र वाचलं का चुलीत टाक. अर्धं नाही, पूरं. दीप्ती, तुह्या पाया पडतो वो, कोनाले सांगू नोको. बाबाले नाही, वहिनीले त मरेपर्यंत नाही, त्या तुह्या मैत्रिनीले, खुशबूले, तिच्या नावाची शप्पत घातली तरी नाही. कधी दादा तुह्या म्होरं तोऱ्यात सांगीन का मीच लिवाले लावलं, त हसू नोको. हो मन. त्याले खरं वाटाले लागलं हाये. मी तुले सांगतलं एवढंच उघडं हाये आता, ते तू झाकून घे. नोको सांगू कोनाले.

यावेळी कोनाच्या सांगन्यावरून नाही, आपल्याच मनानं लिवनारा,
शेखर