फ्रिजच्या मुठीचा झटका बसतो, याचा दाखला आईच्या नावे मिळण्याबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
विद्युत सुरक्षा कार्यालय.

विषय: राहत्या घरातील सॉकेटची तपासणी होऊन वरीलप्रमाणे लेखी दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर, "वायरमन बोलवा, दाखला कशाला हवा?"

महोदय,

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या दोषाची व्याप्ती ठरवताना ही बाब विचारात घेतली जावी, एवढ्यासाठीच ती नमूद करीत आहे.

१. बैठकीतला जुना फ्रिज स्वयंपाकघरात हलवायचा होता. तेथील सॉकेट दोन पिनांचे होते. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, मी स्वतः तीन पिनांचे सॉकेट बसवले. हे काम मी प्रथमच करीत होतो. भिंतीतून दोनच तारा आल्या होत्या, अर्थिंगची तार नव्हती. तिसरा स्क्रू मी रिकामाच पिळला. फ्रिज सुरू झाला, तेव्हा जोडणी बरोबर आहे असा निष्कर्ष काढला. फ्रिज अर्थिंगवाचूनही सुरू होतो. म्हणजे जीत नापास होणे अशक्य, अशी चाचणी मी घेतली होती.

२. काही दिवसांनी आई म्हणू लागली, "अरे, हा फ्रिज चावतो." मी मूठ धरून पाहिली. मला काही जाणवले नाही, कारण माझ्या पायांत रबरी चपला होत्या आणि आई ओल्या फरशीवर अनवाणी वावरते. तिच्या समाधानासाठी मी रीतसर प्रयोग केला: तिने डोळे मिटून मूठ धरायची, मी बटण चालू-बंद करायचे, तिने ओळखायचे. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला प्लास्टिकच्या स्टुलावर, पाय दांडीवर ठेवून बसवले. तिची उत्तरे निव्वळ अंदाजाची ठरली. निष्कर्ष मी तिला सौम्य शब्दांत समजावून सांगितला. ती म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तुला कळत असेल."

३. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. हाताला मुंग्या येतात म्हणून ती परस्पर डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मज्जातंतूंच्या गोळ्या दिल्या. त्या ती नेमाने घेत होती.

४. गेल्या आठवड्यात सांडलेले दूध पुसताना मी अनवाणी होतो. मूठ धरताच झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. सॉकेट उघडल्यावर कारण समोरच होते: तिसरा, रिकामा स्क्रू. मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे रे, माझी समजूत काढू नकोस. म्हातारपणी होतात असले भास." धाकट्या बहिणीने सांगून पाहिले, तर आई तिला म्हणाली, "दादानं पढवून पाठवलं ना तुला?"

५. फ्रिज मी बंद केला होता. मी कामावर गेल्यावर तिने तो पुन्हा लावला आणि संध्याकाळी माझ्यासमोर मूठ धरून दाखवली. "बघ, काही होत नाही." तिची बोटे थरथरताना मी पाहिली. तेव्हापासून त्या सॉकेटचा फ्यूज काढून मी खिशात बाळगतो. वर्गात खडू समजून एकदा तोच हाती आला. आजवर आल्या त्या नुसत्या मुंग्या आहेत. फ्रिजच्या आतल्या तारांचे आवरण पूर्ण खराब झाले, तर तीच मूठ जीव घेईल, आणि तो झटकाही भासच समजून ती हात काढणार नाही.

सबब विनंती की, आपण समक्ष येऊन तपासणी करावी. अर्थिंग मी अद्याप जोडून घेतलेले नाही, दोष आपल्याला जसाच्या तसा दिसावा म्हणून. त्यानंतर अधिकृत वायरमनकडून काम करून घेईन. नियमानुसार होईल तो दंड मला मान्य आहे.

आणखी एक. मापकयंत्र लावण्यापूर्वी कृपया आईला विचारावे की तिला काय जाणवत होते, आणि तिचे उत्तर तिच्यासमोर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्या वेळी मी घराबाहेर थांबेन. मी समोर असलो की ती आधी माझ्या तोंडाकडे पाहते.

आपल्या तपासणीच्या प्रतीक्षेत,
(सही)
अर्जदार, मुलगा

दिनांक: पोचपावतीवर असेल तो

सोबत:
१. सॉकेटच्या मागील बाजूचे छायाचित्र
२. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत