साक्षीच्या तारखेला सुतक नाही

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

मी, श्रीमती चंपाबाई काकासाहेब ठोंबरे, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, बिघाड फक्त हृदयात आहे. सोमवारी त्याचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर चांगले आहेत, तरी कागद करून ठेवलेला बरा.

१. उस्मानपुऱ्यातले राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा सोमनाथ यास मिळावे. याला एक अट आहे, ती कलम ४ मध्ये लिहिली आहे. वाचायला कंटाळा करू नये.

२. सोन्याची पोत आणि पाटल्या मुलगी मोनिका हिला. पोस्टातली ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. शिलाई मशीन सूनबाई सोनियाला. तिला शिवता येत नाही, पण मशीन विकू नये, शिकावे. माझ्या लग्नातले तांब्याचे घंगाळ माझ्या भावाकडे आहे. ते मागू नये, मात्र तेराव्याला तो आला की त्याच्यासमोर घंगाळाचा विषय जरूर काढावा.

३. माझी जांभळी पैठणी, जी मी जपून जपून तीनदाच नेसले, ती माझ्या धाकट्या जाऊबाई कडूबाई, राहणार वैजापूर, यांना. ती त्यांनाच का, हे कळावे म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी गंगासागरला गेलो होतो. मेळ्याची गर्दी ओसरल्यावर गेलो, कारण मग धर्मशाळा स्वस्त मिळते. दिवेलागणीला घाटावर बसून, पैठणला गोदामाईत सोडतो तसे, पानांच्या द्रोणात वात लावून दिवे सोडले. समुद्र डाव्या हाताला होता. कडूबाईंचा द्रोण निघाला उजवीकडे, जमिनीच्या दिशेने. आमच्या गोदेला एकच दिशा ठाऊक. भरती आली की तिकडची नदी उलटी वाहते, हे आम्हा दोघींपैकी कोणाला माहीत असणार? मी थट्टा केली, "कडूबाई, गंगामाय तुमच्यावर रुसली."

त्या रडकुंडीला आल्या. "बाई, माझं काहीतरी चुकलं. आता तो द्रोण सागराकडं वळल्याबगर मी इथून उठत नाय."

मी पूजेची भांडी आवरायला पाठमोरी झाले. कडूबाई द्रोणावरची नजर काढीनात. काठाजवळ मालाची एक छोटी बोट उभी होती. तिच्या नांगराचा दोर पाण्यात ताणलेला होता आणि द्रोण जाऊन त्या दोरालाच अडला. एवढ्यात समुद्राच्या बाजूने मोठे मालवाहू जहाज आले आणि त्या बोटीवर आदळले. मी वळले तेव्हा बोट उलटली होती. तिच्यावरचा एक खलाशी बुडाला. बोट चालवणारा निताई मंडल वाचला आणि आरोपी झाला. जहाजवाल्यांचे म्हणणे, त्याने नांगर टाकलाच नव्हता, बोट वाहत आडवी आली. दोर तुटलेला, नांगर गाळात गेलेला. घाटावर माणसे पुष्कळ होती, पण बोटीच्या दोराकडे कोण कशाला बघेल? बघणारी एकटी कडूबाई.

त्यांनी त्याच वेळी पोलिसांत जबाब दिला. घरी आल्यावर सोमनाथ म्हणाला, "काकू, परमुलखातलं लचांड कशाला गळ्यात घेता?"

"लचांड नाय रं. त्या माणसाला लेकरं हायेत."

मागच्या वर्षी इथल्या कोर्टातून व्हिडिओवर साक्ष सुरू झाली. मी मागच्या बाकावर होते. जहाजवाल्यांचा वकील हिंदीत म्हणाला, आजीबाई, तुम्हाला जहाजातलं काय कळतं?

"जहाजातलं काय बी नाय कळत, साहेब. पण द्रोण माझा व्हता."

द्रोणाकडे इतका वेळ का बघत होता, असे त्याने विचारले. दुसरी कोणी असती तर काहीतरी शहाणपणाचे सांगितले असते. या म्हणाल्या, "नदी उलटी फिरली म्हणून भ्याले. मी येडी, मला भरती कुठं ठाव?" पडद्यावर तिकडचे लोक हसले, इकडचे शिपाईही हसले. कडूबाई हसू संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "आता दोराचं इचारा." मी आयुष्यभर पोथ्या वाचल्या, उपास केले. पण चारचौघांत स्वतःला येडी म्हणवून परक्याचा जीव वाचवायला मला जमले असते, असे वाटत नाही.

मधेच चित्र बंद पडले आणि साक्ष अर्धी राहिली. समोरच्या वकिलाने हरकत घेतली, म्हणून आता कोलकात्याला समक्ष बोलावले आहे. तारीख पुढच्या पंधरवड्यात आहे. त्या गेल्या नाहीत तर निताई तुरुंगात जाईल.

४. अट अशी की, माझे काही बरेवाईट झाले तर सोमनाथने सुतकाचे कारण सांगू नये आणि कडूबाईंनाही सांगू देऊ नये. मी सगळे सोवळे-ओवळे पाळलेली बाई आहे, मीच हे लिहिते. अग्नी द्यावा, अस्थी घ्याव्यात आणि काकूंना घेऊन गाडीत बसावे. तिकडची नदी गंगाच आहे. दहावा तिथल्या घाटावर करावा, म्हणजे एका तिकिटात दोन्ही कामे होतील. अस्थी उलट्या दिशेने गेल्या तर घाबरू नये. तेरावा परत आल्यावर करावा, उशीर झाला तरी मी रुसणार नाही. सोमनाथने ही अट पाळली नाही तर घर मोनिकाला जाईल आणि काकूंना तीच घेऊन जाईल. मी तिच्याशी बोलून ठेवले आहे.

५. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला कडूबाई सकाळच्या एसटीने वैजापूरहून आल्या आहेत. हा कागद करणारे वकीलसाहेब म्हणतात, ज्यांना पैठणी मिळते त्यांची सही चालत नाही. त्या म्हणाल्या, "मग पैठणी ऱ्हाऊ द्या बाई, सही करते." मी ऐकले नाही. इथे सही करायला शेजारी आहेत. कोलकात्याला दुसरे कोणी नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून त्यावर सही केली.

सही: चंपाबाई काकासाहेब ठोंबरे

साक्षीदार:
१. रामकिसन दाभाडे, उस्मानपुरा (सही)
२. करुणा साळवे, उस्मानपुरा (सही)

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६