हाक मारून पाहिलेलं नाव

रविवार, ता. ९
दुपार, जेवणं आटोपून

प्रिय शेंडेफळास,

ताईचा मनभर आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय, आणि तो सोडून तुझे भावोजी मागच्या शेडमध्ये ठोकाठोक करत बसलेत. काय करताय विचारलं तर म्हणतात, स्टूल. मुरलेल्या सुताराला एका स्टुलासाठी इतके रविवार लागत नाहीत, पण मी जास्त खोदत नाही.

तुझ्या पत्रात बाळाची बातमी एका ओळीत आहे आणि ‘ताई, तुला वाईट नाही ना वाटणार’ हे तीन ठिकाणी. वेडे, मला आनंद झाला. अगदी खरा, कुठेही न टोचणारा. तो इतका सहज कसा झाला, ते पुढे येईलच.

आधी तुझी मागणी. तुझ्या वर्गात एक नाव पुकारलं की चार पोरं वळून बघतात, म्हणून तुला कुणाकडेच नसलेलं जुनं नाव हवं. आणि ताई जुन्या दफनभूमीतले दगड साफ करते, तेव्हा ते घरबसल्या मिळेल असा तुझा बेत. बरं बाई.

आमचं काम सावकाशीचं. शेवाळ काढायला मऊ ब्रश आणि साधं पाणी, बाकी काही नाही. घाई केली तर शेवाळाबरोबर अक्षरंही निघून येतात. अगदीच झिजलेलं नाव असलं की मी तुझ्या भावोजींचा दाढीचा आरसा नेते आणि त्यातून ऊन दगडावर तिरकं पाडते, मग कोऱ्या दगडावर अक्षरं दिसायला लागतात. त्या दिवशी ते बिचारे अंदाजाने दाढी करून कामावर जातात.

आई काय म्हणायची आठवतं ना? नाव कागदावर कसं दिसतं ते सोडा, फाटकात उभं राहून जेवायला हाक मारून बघा. म्हणून प्रत्येक नावाला मी खणखणीत हाक मारून पाहिली. पहारेकऱ्याला आधी वाटलं माझं डोकं फिरलंय, आता तो आपण होऊन मत देतो. पावभट्टीवाल्याच्या आईचं नाव वाचायला गोड आहे, पण मोठ्याने म्हटलं की भांडण काढल्यासारखं वाटतं. जहाजाच्या एका कप्तानाचं नाव तर इतकं लांबलचक की हाक पुरी होईपर्यंत पोरगं पुढच्या गल्लीत पोचेल. जुळ्या बहिणींची नावं मात्र फार सुरेख आहेत, ती दोन्ही खुशाल घे. सगळी नावं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत.

सगळी म्हणजे, एक सोडून.

ते भिंतीकडेच्या दगडावर सापडलं. ऊन तिरकं पडलं आणि ते नाव वाचून मी आरसा धरून नुसती बसून राहिले. मग उठून हाक मारली, तर मागून आवाज आला, “कोण गं? कोण बोलावतंय मला?”

वळून बघते तर काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई उभ्या. गावाला शिवण शिकवलेल्या, सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात.

“तुम्हाला नाही हो, दगडाला हाक मारत होते,” मी म्हणाले.

“त्याला कशाला? तो येणार आहे थोडाच? माझी आजी आहे ती. तिचंच नाव मला ठेवलंय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही गं. नाव कुणाला ठेवायचंय?”

बहिणीच्या बाळाला, असं सांगणार होते. जिभेवर आलंही होतं. तोंडातून निघालं, “माझ्या.”

ऐकलंस ना? तुला सांगायच्या आधी मी ते शिवणाच्या बाईंना सांगितलं. रागावू नकोस. मागच्या दोन्ही वेळी मी आनंदाने घरोघरी सांगत सुटले होते, आणि मग त्याच घरी जाऊन पुन्हा, दुसरं सांगावं लागलं होतं. या वेळी पाचवा महिना लागला तरी तोंड उघडायची हिंमत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं छान आहे. ऐकून मी मान डोलवायची आणि घरी येऊन गप्प बसायची.

बाईंनी आधी माझ्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली. म्हणाल्या, “मघाची हाक अगदीच मिळमिळीत होती. पोराला मारतात तशी मार.” आणि काठी टेकत त्या थेट पलीकडच्या झाडांमागे जाऊन उभ्या राहिल्या. मी पोटातून ओरडले. तिकडून लगेच आवाज आला, “आले, आले, एवढा डाव होऊ दे!” मी हसता हसता रडले. आपल्या पोराला अशी हाक मारता येईल, हे इतक्या दिवसांत मी मनातही येऊ दिलं नव्हतं.

तर ते नाव तुला मिळणार नाही. लहानपणी माझे फ्रॉक नेलेस, पेन्सिली नेल्यास, वरची खाट नेलीस. हे माझं. माझा नंबर तुझ्या आधी आहे, मुलगा झाला तर नाव तुझ्याकडे पाठवीन. इथे लिहीत नाही, कारण तुझा काय भरवसा.

आत्ता हे पत्र अर्धवट ठेवून शेडच्या दाराशी गेले होते. त्या स्टुलाला चारही बाजूंनी कठडा आहे आणि खाली दोन वाकवलेल्या पट्ट्या. आम्ही दोघं त्याला नेमाने स्टूलच म्हणत आलो. आज मी विचारलं, “पाळणा कधी होणार?”

हातोडी थांबली. मग पाठमोरेच म्हणाले, “रंग कोणता देऊ?”

तेव्हा रंगाचं तेवढं लगेच कळव, नावाचं विचारू नकोस. आणि जप स्वतःला, बादल्या उचलू नकोस.

तुझी ताई,
आणि, पहिल्यांदाच लिहिते आहे,
कुणाची तरी आई